जंतूंची जात कशी ओळखतात?

थुंकीची तपासणी झाली की दवाखान्यातून जो कागद हातात पडतो, त्यावर पुष्कळदा तीन इंग्रजी अक्षरे असतात : ए. एफ. बी. असा कागद घेऊन एखादा कामगार आमच्या संघटनेच्या कचेरीत आला, म्हणजे त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘दादा, हे काय लिहिलंय?’ या अक्षरांचा विस्तार ‘अ‍ॅसिड फास्ट बॅसिलाय’ असा आहे. आणि गंमत अशी की, त्याचा अर्थ इतर कोणाहीपेक्षा रंगखात्यात काम केलेल्या माणसाला लवकर कळावा. येथे ‘फास्ट’ म्हणजे जलद नव्हे. धुतल्याने जात नाही तो फास्ट कलर, म्हणजेच आपला पक्का रंग. आम्लाने धुतले तरी ज्यांच्या अंगावरचा रंग सुटत नाही असे काडीच्या आकाराचे जंतू, एवढेच ती तीन अक्षरे सांगतात. क्षय हा शब्द त्यांत कोठेही नाही.

तो का नाही, आणि मुळात रंगावरून, साखरेवरून, चरबीवरून जंतूची ओळख कशी पटवितात, हे आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय जंतुशास्त्राचा आहे, आणि आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतर. तेव्हा पंडिती परिभाषेची अपेक्षा श्रोत्यांनी आमच्याकडून करू नये. पण हा विषय केवळ पंडितांचा आहे असेही कोणी समजू नये. ज्याच्या छातीत जंतू शिरतो त्याची सहा महिन्यांची औषधे, बुडालेला रोज आणि कित्येकदा जीवसुद्धा त्या जंतूचे नाव बरोबर लागते की नाही यावर अवलंबून असतो.

सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर जंतू कसे दिसतात? काही वाटाण्यासारखे गोल, काही काडीसारखे लांबट, काही पिळासारखे वळलेले. झाले, रूपाची यादी संपली! फर्डिनांड कोन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७२ साली जंतूंची पद्धतशीर मांडणी केली ती मुख्यतः याच रूपांवरून, कारण त्या काळी दुसरे साधनच नव्हते. पाखरांना पिसे असतात, झाडांना पाने आणि फुले असतात. त्यांवरून त्यांची कुळे लावता येतात. जंतूंना यांपैकी काहीच नाही. माणसाच्या आतड्यात निमूटपणे राहणारी काडी आणि विषमज्वर आणणारी काडी यांत नुसत्या डोळ्याला फरक दिसत नाही. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण जंतूंच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे.

मग करावे काय? सोनार काय करतो ते पाहा. पिवळे आणि चकचकीत दिसते म्हणून तो सोने विकत घेत नाही. कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो आणि तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडतो. रेघ टिकली तर सोने, उडाली तर पितळ. यंत्रमागावरचा माणूसही तेच करतो. सूत कापसाचे की लोकरीचे असा वाद पडला, की दोरा काडेपेटीच्या काडीवर धरायचा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख सोडतो. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. तिन्ही धागे दिसायला एकसारखे करता येतात, पण ज्या पदार्थाचे ते घडलेले आहेत तो पदार्थ लपविता येत नाही. जंतूची ओळख पटविण्याची जी पद्धत आम्ही सांगणार आहोत तिचे मर्म हेच आहे. जंतू दिसतो कसा हे विचारू नका, तो कशाचा बनला आहे ते विचारा.

या पद्धतीची सुरुवात रंगखात्यातून झाली, हे वाचले तेव्हा आम्हाला मोठी मौज वाटली. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून हिवतापावरचे क्विनीन बनविण्याच्या खटपटीत होता. क्विनीन झाले नाही. जांभळा रंग झाला. त्यातून कृत्रिम रंगांचा प्रचंड धंदा उभा राहिला. १८५९ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिआँ या रेशमाच्या शहरात फुक्सिन नावाचा किरमिजी रंग निघाला, आणि १८७६ साली जर्मनीत मेथिलीन ब्लू हा निळा. हे रंग कापडासाठी होते. परंतु डॉक्टरांच्या असे लक्षात आले की, पाण्यात ओळखू न येणारा पारदर्शक जंतू हे रंग पितो आणि उठून दिसतो. कापडाच्या बाजारातले रंग प्रयोगशाळेत गेले ते असे.

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ या दिवशी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तो मेथिलीन ब्लूच्याच आधाराने. पण त्याला फार यातायात पडली होती, कारण हा जंतू सहजासहजी रंग घेईना. पॉल अर्लिखने त्याच वर्षी ती कृती सुधारली. आणि फ्रान्झ झील व फ्रीडरिख नेलसन या दोघांनी तिला जे रूप दिले ते आजही तालुक्याच्या दवाखान्यात चालते. (अर्लिखला पुढे स्वतःच्याच थुंकीत हे जंतू सापडले, आणि हवापालटासाठी त्याला इजिप्तला जावे लागले. जंतू परका आणि आपला असा भेद करीत नाही.)

ही कृती आपण रंगखात्याच्या भाषेत पाहू. काचेवर थुंकीचा पातळ थर पसरायचा आणि वाळवायचा. त्यावर फुक्सिन आणि कार्बोलिक आम्ल यांचे मिश्रण ओतायचे आणि वाफा येईपर्यंत खालून ऊब द्यायची. उष्णता का? कापडाला रंग चढविताना पाणी का तापवितात, त्याच कारणासाठी : रंग आत शिरावा म्हणून. आणि कार्बोलिक काय करते? कापडाच्या रंगाईत तुरटी जे करते, साधारणपणे तेच. रंगाला धरून ठेवण्यास मदत करते. त्यानंतर पंचवीस टक्के गंधकाम्लाने तो थर धुवायचा. एवढ्या जालीम आम्लापुढे बाकी सारे जंतू आणि छातीतल्या पेशी रंग सोडून पांढऱ्या पडतात. क्षयाचा जंतू सोडीत नाही. शेवटी मेथिलीन ब्लूचा हात दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसू लागतात.

कुष्ठरोगाचा जंतू याच घराण्यातला आहे. त्याचा रंगही पक्का, पण जरा कमी पक्का. पंचवीस टक्क्यांच्या आम्लात तोही फिका पडतो, म्हणून त्याच्यासाठी आम्ल पाच टक्क्यांचे घेतात. ‘पक्का’ आणि ‘कच्चा’ यांच्यामध्ये पायऱ्या आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग पुढे पडणार आहे.

दोनच वर्षांनी, १८८४ साली, हान्स क्रिस्टियन ग्राम नावाच्या डेन्मार्कच्या डॉक्टरने बर्लिनच्या एका इस्पितळाच्या शवागारात दुसरी कृती काढली. जांभळा रंग, वर आयोडीन, मग मद्यार्काने धुलाई. येथे आम्ल नाही, स्पिरिट आहे. काही जंतू जांभळे राहिले, काहींचा रंग उडाला. ग्रामने आपली ही कृती फार अपुरी आहे असे लिहून संकोचाने छापली. पुढे जगातल्या यच्चयावत जंतूंची पहिली विभागणी तिच्यावरूनच होऊ लागली : ग्राम-धन आणि ग्राम-ऋण. याचे कारण तेव्हा त्याला ठाऊक नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे. जंतूभोवती साखर आणि अमिनो आम्ले यांच्या विणीचे एक कवच असते. ग्राम-धन जंतूचे कवच जाड, घोंगडीसारखे. त्यात अडकलेला रंग मद्यार्काने निघत नाही. ग्राम-ऋण जंतूची वीण मलमलीसारखी पातळ, आणि तिच्यावर चरबीचे आणखी एक अस्तर. मद्यार्क ते अस्तर विरघळवितो आणि रंग वाहून जातो. पेनिसिलीनचा मारा या विणीवरच असतो. पण बाहेरचे अस्तर त्याला पुष्कळदा आत येऊ देत नाही. म्हणून रक्तात जंतू शिरून रोगी अत्यवस्थ झाला, की प्रयोगशाळेतून पहिला निरोप येतो तो ‘ग्राम-धन’ किंवा ‘ग्राम-ऋण’ एवढाच, आणि त्यावरून पहिले औषध ठरते.

येथे आम्हाला ‘जात’ या शब्दाविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. माणसांच्या बाबतीत हा शब्द उच्चारताना आमच्या जिभेला कडू लागते. पण शास्त्राच्या पुस्तकांत तोच शब्द रूढ आहे, त्याला इलाज नाही. निदान जंतूंच्या दुनियेत जात ही कोणी सांगितली म्हणून लागत नाही, तपासून लागते. आणि तपासणीत निराळे निघाले तर ती बदलतात. अशा बदलाचे एक उदाहरण पुढे येईल.

आता पक्क्या रंगाकडे परत येऊ. क्षयाच्या जंतूचा रंग पक्का का? उत्तर त्याच्या चरबीत आहे. या जंतूच्या कवचाबाहेर मेणासारख्या पदार्थाचा दाट थर असतो. त्यातल्या मुख्य द्रव्याला मायकॉलिक आम्ल म्हणतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९३८ साली वेगळे काढले. गोडेतेल किंवा तूप यांतल्या स्निग्धाम्लांमध्ये कार्बनच्या सोळा-अठरा अणूंची साखळी असते. मायकॉलिक आम्लाची साखळी त्याच्या कितीतरी पट लांब. आणि येथे आमच्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट येते.

मायकॉलिक आम्ल एकट्या क्षयाच्या जंतूकडे नाही. घटसर्पाचा जंतू ज्या घराण्यातला आहे तेथेही ते आहे, पण आखूड : कार्बनचे अणू सुमारे २२ ते ३८. नोकार्डिया नावाचे मातीत राहणारे धाग्यासारखे जंतू आहेत. त्यांची साखळी सुमारे ४४ ते ६०. आणि क्षय व कुष्ठ यांच्या घराण्यात, ज्याला मायकोबॅक्टेरियम म्हणतात, ६० ते ९०. आता रंगाची कसोटी लावून पाहा. घटसर्पाचा जंतू आम्लापुढे टिकत नाही. नोकार्डिया सौम्य, म्हणजे एखाद्या टक्क्याच्या आम्लापुढे टिकतो आणि जालीम आम्लापुढे शरण जातो. मायकोबॅक्टेरियम दोन्हींपुढे ठाम. साखळी जितकी लांब, मेण जितके दाट, तितका रंग पक्का. झील आणि नेलसन यांनी केवळ रंगाऱ्याच्या अनुभवाने जी परीक्षा काढली होती, तिच्यामागे कार्बनच्या अणूंची मोजदाद दडलेली होती!

ही गोष्ट केवळ सुंदर नाही, उपयोगाचीही आहे. नोकार्डिया फुप्फुसात शिरला म्हणजे खोकला, ताप, वजन घटणे, क्ष-किरणाच्या चित्रात पोकळी, सारे काही क्षयासारखेच. पण त्याच्यावर क्षयाची नेहमीची औषधे चालत नाहीत. त्याला सल्फाच्या जातीची औषधे लागतात. नावात चूक झाली तर रोगी सहा महिने गोळ्या गिळतो आणि जंतू सहा महिने वाढतो.

क्षयावर १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड हे औषध वस्तुतः १९१२ सालीच प्रागमधल्या एका प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्याचा उपयोग कोणाला माहीत नसल्यामुळे ते चाळीस वर्षे पडून राहिले. वापरात आल्यावर लवकरच एक चमत्कारिक गोष्ट आढळली. या औषधाच्या सान्निध्यात वाढलेले क्षयाचे जंतू आपला पक्का रंग गमावून बसतात. रंग का सुटला? कारण मेण बनणे थांबले. आयसोनियाझिड मायकॉलिक आम्लाच्या घडणीवरच घाव घालते, हे १९७० च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले गेले. आणि तो घाव नेमका कोणत्या कारागीर-प्रथिनावर बसतो ते १९९४ साली उलगडले. ज्या पदार्थावरून चोर ओळखायचा, तोच त्याचे चिलखत, आणि तेच फोडायचे. ओळख आणि उपाय एकाच ठिकाणी सापडण्याचे असे उदाहरण विरळा.

रंगानंतर या शास्त्राला दुसरा मोठा हात मिळाला तोही कापडधंद्याकडूनच. इंग्लंडमधले लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तेथे लोकरीच्या धंद्याची एक संशोधनसंस्था होती. लोकर कोणकोणत्या अमिनो आम्लांची बनली आहे हे शोधता शोधता आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ साली मिश्रणे फोडण्याची एक नवी युक्ती काढली. १९४४ साली मार्टिनने कॉन्सडेन आणि गॉर्डन या सहकाऱ्यांबरोबर ती साध्या गाळणकागदावर आणली. शाईचा ठिपका टिपकागदावर टाकून त्याचे टोक पाण्यात बुडविले तर शाईतले रंग निरनिराळ्या उंचीवर जाऊन थांबतात, हे आपण शाळेत पाहिलेले आहे. तेच तत्त्व. १९५२ चे नोबेल पारितोषिक मार्टिन आणि सिंज यांना मिळाले. कागदावर बसून काम केलेल्या कॉन्सडेन आणि गॉर्डन यांची नावे किती जणांना ठाऊक असतील, असा विचार आमच्यासारख्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

या कागदाच्या पट्टीने जंतूचे कवच वाचता येऊ लागले. जंतू वाढवायचा, फोडायचा, कवच वेगळे करून आम्लात उकळायचे आणि त्या काढ्याचा थेंब कागदावर चालू द्यायचा. लंडनमध्ये कमिन्स आणि हॅरिस यांनी १९५६ साली ग्राम-धन जंतूंची कवचे अशी ओळीने तपासली, आणि असे दाखविले की प्रत्येक घराण्याचा साखरेचा आणि अमिनो आम्लांचा आपला असा संच असतो. त्यांतले एक द्रव्य विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे : डायअमिनोपिमेलिक आम्ल. ते माणसाच्या शरीरात बनत नाही. जंतूंच्या कवचात मात्र सर्रास असते. कागदावर निनहायड्रिन शिंपडून ऊब दिली म्हणजे इतर अमिनो आम्लांचे ठिपके जांभळे उमटतात, आणि याचा ठिपका हिरवट उमटून हळूहळू पिवळा होतो. तो नजरेतून सुटत नाही.

हे द्रव्य दोन हातांच्या माणसासारखे आहे अशी कल्पना करा. एका प्रकारात दोन्ही हात एकाच बाजूचे, दुसऱ्यात एक डावा आणि एक उजवा. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात मेरी आणि ह्यूबर्ट लशेव्हालिए या जोडप्याने १९७० साली दाखवून दिले की, मातीतल्या धाग्यासारख्या जंतूंची वाटणी एवढ्या फरकावरून पुष्कळशी लावता येते. स्ट्रेप्टोमायसेसच्या कवचात पहिला प्रकार असतो. नोकार्डिया आणि मायकोबॅक्टेरियम यांच्यात दुसरा, आणि जोडीला अरॅबिनोज व गॅलॅक्टोज या दोन साखरा. हे जंतू इतके बुरशीसारखे दिसतात की त्यांतल्या काहींची नावेही बुरशीवरून पडली. रूपाने फसविले, साखरेने उलगडा केला.

स्ट्रेप्टोमायसेस हे नाव ऐकून स्ट्रेप्टोमायसिनची आठवण होईल. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध ते हेच, आणि ते १९४३ साली याच रटगर्समध्ये निघाले. तळघरात रात्रंदिवस बसून ते काढले आल्बर्ट शात्झ या महिना चाळीस डॉलरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने. मान आणि स्वामित्वधन गेले त्याचे गुरू वाक्समन यांच्याकडे. शात्झ कोर्टात गेला. १९५० साली तडजोड झाली, सहशोधक म्हणून त्याचे नाव मान्य झाले आणि उत्पन्नातले तीन टक्के त्याला मिळाले. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वाक्समन यांना. विषयांतर झाले खरे. पण श्रमाचा वाटा हा आमचा नित्याचा विषय, तो समोर आला असता मुकाट्याने पुढे जाणे आम्हाला जमले नाही.

आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. तेथे डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या या जंतूंचा कसून शोध घेतला. बुरशीवर चालणारे हामायसिन हे औषध देणाऱ्या एका जंतूला त्यांनी स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना असे गावाचे नाव दिले. ऑरिओफंगिन हे दुसरे औषध देणारा जंतू तेव्हा स्ट्रेप्टोव्हर्टिसिलियम नावाच्या वेगळ्या घराण्यात मोडत असे, कारण त्याच्या धाग्यांना चक्रासारख्या फांद्या फुटतात. पण कवच पाहावे तर स्ट्रेप्टोमायसेसचेच. चरबी पाहावी तर तीच. शेवटी आनुवंशिक द्रव्यही जवळचे निघाले, आणि १९९० च्या सुमारास ते सबंध घराणे मोडून स्ट्रेप्टोमायसेसमध्ये घालण्यात आले. तपासणीवरून जात बदलते असे मघाशी म्हटले ते याला उद्देशून.

साखरेवरून ओळख पटविण्याचे एक काम याच्याही आधी झाले होते. गोल जंतूंच्या माळा, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस, घशात सापडतात, दुधात सापडतात, चीजमध्येही सापडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रिबेका लान्सफील्ड या बाईंनी १९३३ साली त्यांच्या कवचातल्या साखरेवरून ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे गट पाडले. माणसाचा घसा धरणारा बहुतेक ‘ए’ गटातला. मुलाचा घसा वारंवार सुजतो, आई हळदीचे दूध देते, चार दिवसांत बरे वाटते. आणि त्यातल्या काही मुलांना पुढे सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होतात. ते करणारा जंतू हा ‘ए’ गटातला आहे. त्यावर पेनिसिलीन अजूनही चालते, आणि वेळेवर दिले तर झडपा वाचतात.

चरबीची मोजदाद यंत्राने करण्याची सुरुवात १९६३ च्या सुमारास झाली. जंतूची चरबी काढून तिची वाफ करायची, ती लांबलचक नळीतून सोडायची. जे स्निग्धाम्ल ज्या वेळी बाहेर पडेल ती वेळ टिपायची. आलेख हातात पडतो तो एखाद्याच्या सहीसारखा. मात्र येथे एक अट आहे. जंतूची चरबी त्याच्या खाण्यावर आणि उष्णतेवर बदलते. थंडीत तूप गोठते आणि तेल गोठत नाही. जंतूही थंडीत आपली चरबी पातळ करून घेतो. म्हणून दोन जंतूंची तुलना करायची तर दोघांना एकच अन्न, एकच ऊब आणि तेवढेच तास दिले पाहिजेत. असमान स्थितीत काढलेले मोजमाप हे मोजमाप नव्हे, हे प्रयोगशाळेत जितके खरे तितकेच कामाचा दर ठरवितानाही खरे आहे.

अलीकडच्या काळात मोठ्या इस्पितळांतून जे यंत्र आले आहे ते प्रथिने मोजते. जंतूचा कण एका रसायनात मिसळून लेसरचा झोत मारला, की त्याची प्रथिने न फुटता उडतात आणि एका नळीतून धावतात. हलके आधी पोहोचते, जड मागाहून. या शर्यतीच्या निकालावरून काही मिनिटांत जंतूचे नाव निघते. मोठाली प्रथिने न मोडता उडविण्याची पहिली युक्ती काढणारे कोइची तानाका हे क्योटोच्या एका कारखान्यातले पगारी इंजिनिअर. शिक्षण विजेच्या विषयातले, डॉक्टरेट नाही. चुकून ग्लिसरीन दुसऱ्या भुकटीत सांडले, ते फुकट घालवायचे नाही म्हणून वापरून पाहिले, आणि काम झाले. २००२ साली त्यांना नोबेल मिळाले. स्वतः शिकलेल्या माणसांनी हे नाव जपून ठेवण्यासारखे आहे. या यंत्रालाही मर्यादा आहेत. आतड्यातला साधा ई. कोलाय आणि आव पाडणारा शिगेला हे इतके जवळचे नातलग आहेत की शर्यतीत ते सहसा वेगळे ओळखू येत नाहीत. तेथे जनुकांकडे जावे लागते. नव्या जातीला नाव देताना आज अखेरचा शब्द जनुकांचाच असतो. तरीही कवच, चरबी आणि साखर यांची नोंद सोबत जोडण्याची रीत सुटलेली नाही.

आता आपल्या तीन अक्षरांकडे. ए. एफ. बी. म्हणजे मायकॉलिक आम्लाचे लांब मेण असलेला जंतू. त्या घराण्यात क्षयाच्या जंतूखेरीज दीडशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या पुष्कळ माती-पाण्यात राहतात आणि कोणाच्या वाटेला जात नाहीत. पण ज्याचे फुप्फुस आधीच खराब झाले आहे त्याच्या छातीत त्यांना जागा मिळते. दगड फोडणाऱ्या, खाणीत राबणाऱ्या माणसांच्या फुप्फुसात वाळूची धूळ साचून जो रोग होतो त्याला सिलिकोसिस म्हणतात. अशा माणसाला क्षयही लवकर होतो आणि हे दुसरे जंतूही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत मायकोबॅक्टेरियम कान्सासी हा जंतू यामुळेच ठळकपणे दिसून आला. उजेडात ठेवला की हा पिवळा पडतो, अंधारात नाही. १९५९ साली रनियन यांनी या घराण्याचे गट पाडले ते अशा रंगावरून आणि वाढीच्या वेगावरून.

आमच्या संघटनेतल्या दगडखाणीवरच्या एका कामगाराला एका दवाखान्यात आठ महिने क्षयाची औषधे दिली. थुंकीत लाल काड्या दिसतच राहिल्या. ‘औषध चुकवतोस’ म्हणून त्याला बोल लावले गेले. त्याची बायको रिकाम्या पाकिटांची चवड घेऊन आमच्याकडे आली होती. एक गोळी चुकलेली नव्हती. थुंकीतले जंतू वाढवून जात ओळखली तेव्हा कळले की जंतूच दुसरा आहे. औषधे बदलली आणि तो सावकाश सुधारला. पण मधल्या काळात कामावरून नाव कमी झाले ते झालेच.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की ए. एफ. बी. दिसले तरी औषध घेऊ नये. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे पाव भाग आपल्या देशात आहेत. आपल्याकडे थुंकीत लाल काड्या दिसल्या तर बहुतेक वेळा तो क्षयच असतो, आणि औषध ताबडतोब सुरू करणेच शहाणपणाचे. आमचे म्हणणे एवढेच की, दोन महिन्यांनंतरही काड्या हटत नसतील, किंवा छातीत धुळीचा रोग असेल, तर रोग्याने आणि त्याच्या माणसांनी दोन प्रश्न विचारावेत : जंतू कोणत्या जातीचा? आणि कोणते औषध त्याच्यावर चालते? सरकारी क्षयकेंद्रातून या तपासण्या होतात आणि त्या मोफत आहेत. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास घेतो, म्हणून तो वाढवून पाहायला कित्येक आठवडे लागू शकतात. जनुके तपासणारे यंत्र मात्र सुमारे दोन तासांत क्षयाचा जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन त्याच्यावर चालेल की नाही, हे सांगते.

वाढविलेल्या जंतूची जात ओळखण्याची पूर्वीची परीक्षाही रसायनाचीच होती. क्षयाचा जंतू नियासिन नावाचे जीवनसत्त्व बनवितो आणि ते त्याला पुरते वापरता येत नाही, म्हणून बाहेर गळते. जपानमध्ये कोन्नो यांनी १९५६ साली हे दाखविले. त्या पाण्यात सायनोजेन ब्रोमाइड आणि अ‍ॅनिलीन टाकले की पिवळा रंग येतो. अ‍ॅनिलीन म्हणजे पर्किनच्या जांभळ्या रंगाचे मूळ द्रव्य. ते येथेही भेटते. सायनोजेन ब्रोमाइड मात्र भयंकर विषारी, आणि ते हाताळणाऱ्या प्रयोगशाळेच्या कामगाराच्या जिवाला घोर. आता त्याच्या जागी बोटाएवढी पट्टी आली आहे. क्षयाच्या जंतूचे घराणे एक विशिष्ट प्रथिन बाहेर टाकते, इतर मायकोबॅक्टेरिया सहसा टाकीत नाहीत. वाढविलेल्या जंतूंच्या पाण्याचे काही थेंब पट्टीवर सोडून पंधरा मिनिटे थांबायचे. दोन रेघा उमटल्या तर क्षयाचा जंतू. एकच उमटली तर पट्टी चांगली आहे, पण जंतू दुसरा असण्याचा संभव मोठा, आणि तो कोणता हे शोधण्यासाठी नमुना पुढच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो.